हृदयशस्त्रक्रियेत भूल देताना श्वासयंत्रणेतले बिघड: आधी काय तपासायचं, कुठे चुकतं, काय करायचं

हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तदाब कोसळला की ओटीतल्या (शस्त्रक्रियागृहातल्या) सगळ्यांच्या नजरा हृदयाकडे वळतात. इनोट्रोप (हृदयाचं आकुंचन वाढवणारं औषध) वाढतं, द्रव दिलं जातं, सर्जन हृदय हाताळणं थांबवतात. सर्किटचा (रुग्णाला भूलयंत्राशी जोडणाऱ्या नळ्यांचा) एक्स्पायरेटरी, म्हणजे श्वास बाहेर सोडण्याच्या बाजूचा, व्हॉल्व्ह अडकला असेल, फिल्टर ओला होऊन बुजला असेल किंवा यंत्राचा स्विच 'बॅग'वरच (हाताने श्वास देण्याच्या स्थितीत) राहिला असेल, तर ते शेवटी लक्षात येतं. इतर शस्त्रक्रियांमध्ये व्हेंटिलेटर एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत चालतो. इथे तो तीन-चार वेळा मुद्दाम बंद होतो आणि पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय बायपासच्या काळात, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम पंप करत असताना, कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मॉनिटरची) रेषा सपाट असते आणि अलार्म गप्प केलेले असतात. बहुतेक चुका या बंद-चालूच्या सांध्यांवर होतात, म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

हा लेख भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, ओटी तंत्रज्ञ आणि पर्फ्युजनिस्ट (बायपासचा पंप चालवणारे) यांच्यासाठी आहे. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत किंवा विभागाच्या नियमांत वेगळं काही असेल तर ते आधी पाळा.

## टप्पा १: रुग्ण आत येण्याआधीची तपासणी

क्रम महत्त्वाचा आहे. यंत्र बंद पडलं तरी रुग्णाला श्वास देता येईल याची सोय आधी करायची आणि मगच यंत्राकडे वळायचं.

१. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची स्वतंत्र पिशवी). यंत्राला टांगलेली आणि रिझर्व्हॉयरसह हवी. पेशंट व्हॉल्व्हचं तोंड तळहाताने बंद करून बॅग दाबा, ती घट्ट राहिली पाहिजे. पीप व्हॉल्व्ह शेजारीच ठेवा (पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब). तिच्यासाठी वेगळा ऑक्सिजन सिलिंडर हवा, म्हणजे भूलयंत्राच्या आउटलेटवर अवलंबून राहावं लागणार नाही.

२. ऑक्सिजनचा पुरवठा. पाइपलाइनचा दाब साधारण ४ बार हवा. राखीव सिलिंडर उघडून दाब वाचा आणि पुन्हा बंद करा. पूर्ण भरलेला सिलिंडर साधारण १३७ बार दाखवतो. उघडाच राहिला तर पाइपलाइनचा दाब उतरताच तो कोणाच्याही नकळत रिकामा होतो आणि खऱ्या गरजेच्या वेळी हाताशी काहीच उरत नाही.

३. ऑक्सिजन सेन्सर. खोलीतल्या हवेत २१ टक्के दाखवतो का ते पाहा. पाइपलाइनमधून चुकीचा वायू येत असेल तर ते फक्त हाच सेन्सर सांगतो. दाबमापकावर सगळं ठीकच दिसतं.

४. व्हेपोरायझर (भुलीच्या द्रवाची वाफ करणारा भाग). नीट बसलेला, कुलूपबंद आणि भरणीचं झाकण घट्ट. अनेक यंत्रांत व्हेपोरायझरमधली गळती तो 'चालू' असतानाच सापडते. म्हणून गळतीची चाचणी एकदा व्हेपोरायझर उघडून करा.

५. सोडा लाइम (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे). रंग पाहा, पण रंगावरच विसंबू नका. जांभळा झालेला सोडा लाइम काही तास पडून राहिला की पुन्हा पांढरट दिसू शकतो. कधी बदलला याची तारीख डब्यावर लिहिलेली असावी. आदल्या दिवसापासून ऑक्सिजनचा प्रवाह चालूच राहिला असेल तर सोडा लाइम कोरडा पडलेला असतो आणि कोरड्या सोडा लाइमवर भुलीची वाफ गेली की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. शंका आली की बदला.

६. गळती. एपीएल व्हॉल्व्ह (सर्किटमधला जादा दाब सोडणारा) बंद करा, वाय-पीसचं (रुग्णाच्या टोकाशी दोन नळ्या जोडणाऱ्या तुकड्याचं) तोंड बुजवा, प्रवाह कमीत कमी ठेवा, फ्लशने दाब ३० सें.मी. पाण्यापर्यंत न्या. निदान १० सेकंद दाब टिकला पाहिजे. नंतर दाब सोडताना एपीएल उघडा. वाय-पीसचं तोंड झटकन मोकळं केलं तर सोडा लाइमची भुकटी नळ्यांमध्ये येऊ शकते.

७. दोन बॅगांची चाचणी. वाय-पीसला दुसरी बॅग लावा आणि हाताने श्वास द्या. दोन्ही व्हॉल्व्हच्या चकत्या उचलून पुन्हा बसताना दिसल्या पाहिजेत. बॅग भरते पण रिकामी होत नसेल तर एक्स्पायरेटरी बाजू अडकली आहे. गळतीच्या चाचणीत हा बिघड सापडत नाही, म्हणून ही चाचणी वगळू नका.

८. सक्शन. रुग्णाच्या डोक्याशी, भूलतज्ज्ञासाठी वेगळा. सर्जनच्या सक्शनमध्ये वाटेकरी होऊ नका.

> तपासा: यंत्राची स्वयंचलित चाचणी झाल्यावर कोणी सर्किट बदललं, नळ्या ताणून लांब केल्या किंवा सोडा लाइमचा डबा काढून लावला, तर ती चाचणी रद्द समजा. हृदयशस्त्रक्रियेत नळ्या लांब लागतात. चाचणी करतानाही त्या तितक्याच ताणलेल्या हव्यात, नाहीतर टायडल व्हॉल्यूमचा (एका श्वासातल्या हवेचा) हिशेब चुकतो.

## टप्पा २: ट्यूब, कफ आणि जोड: ड्रेप पडायच्या आत

ड्रेप (निर्जंतुक कापड) पडले की तोंड, ट्यूब (श्वासनलिकेतली नळी) आणि जोड झाकले जातात, हात बाजूला बांधलेले असतात आणि डोक्याशी टीईई प्रोब (अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी करणारा), लाइन्स आणि पडदा यांची गर्दी होते. पुढे जे हाताला लागणार नाही ते सगळं आत्ताच पक्कं करायचं.

- खोली. प्रौढ स्त्रीत ट्यूब दातांशी साधारण २०–२१ सें.मी., पुरुषात २२–२३ सें.मी. आकडा मोठ्याने सांगा आणि चार्टवर लिहा. मान वाकवली की ट्यूब आत जाते, ताणली की बाहेर येते. हा फरक दोन सें.मी.पर्यंत असू शकतो. त्यामुळे खांद्याखाली उशी ठेवल्यावर, डोकं शेवटच्या स्थितीत आल्यावर पुन्हा दोन्ही बाजू ऐका.

- कफ. मापकाने २०–३० सें.मी. पाणी. बोटाने फुगा चाचपून दाब कळत नाही. शरीर थंड केल्यावर कफचा दाब उतरतो आणि नंतर गळती लागते. बायपासनंतर पुन्हा मोजायचा आहे, हे आत्ताच लक्षात ठेवा.

- जोड. ट्यूबचा कनेक्टर, फिल्टर, कॅथेटर माउंट, वाय-पीस हे सगळे दाबून आणि पिळून बसवा. नुसते टेकवलेले जोड सर्जनचा हात पडद्यावर टेकला तरी सुटतात. जितके जोड जास्त तितक्या सुटण्याच्या जागा जास्त. गरज नसलेला प्रत्येक तुकडा काढून टाका.

- सर्किटचा भार. नळ्या होल्डरमध्ये अडकवा. त्यांचं वजन ट्यूबवर आलं की ट्यूब तोंडात गरम होऊन वळते आणि मुडपते.

- सॅम्पलिंग लाइन. वाय-पीसपाशी लाइनचा जोड वरच्या बाजूला ठेवा. खाली ठेवला तर सर्किटमधलं पाणी लाइनमध्ये उतरतं आणि कॅप्नोग्राफ ऐन वेळी बंद पडतो. वॉटर ट्रॅप रिकामा करा.

टीईई प्रोब घातल्यावर आणि काढल्यावर सगळं पहिल्यापासून तपासा. प्रोबसोबत ट्यूब आत ढकलली जाऊ शकते, बाहेर ओढली जाऊ शकते, कफ फाटू शकतो. लहान मुलांत प्रोब मऊ श्वासनलिकेला मागून दाबतो आणि दाब एकदम चढतो. अशा वेळी आधी प्रोब थोडा मागे घ्या आणि दाब उतरतो का पाहा. उतरला तर लहान मापाचा प्रोब हवा किंवा प्रोबशिवायच काम करायचं. तान्ह्या बाळात ट्यूब एक सें.मी. सरकली तरी ती एका ब्रॉन्कसमध्ये (एकाच फुफ्फुसाच्या शाखेत) जाते किंवा बाहेर येते. शिवाय ३.५ मि.मी.ची ट्यूब थोड्याशा स्रावानेही बुजते. मुलांच्या केसमध्ये सक्शन कॅथेटर कोणत्या मापाचा जातो ते आधीच घालून पाहून ठेवा.

> तपासा, ड्रेपआधी, मोठ्याने: ट्यूब किती सें.मी. · दोन्ही बाजू हवा · कफ किती · पीक (श्वास आत जाताना सर्वाधिक) आणि प्लॅटू (श्वास रोखल्यावर स्थिरावलेला) दाब किती · ईटीसीओटू (सोडलेल्या श्वासाच्या शेवटचा कार्बन डायऑक्साइड) किती. हे आकडे पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया आहेत. पीक दाब २८ झाला हे कळून काही उपयोग नाही. तो १६ वरून २८ झाला हे कळलं पाहिजे.

## टप्पा ३: छातीचं हाड कापताना आणि लिमा काढताना

करवत चालताना फुफ्फुसं खाली बसावीत म्हणून श्वास थांबवतात. सर्जन 'थांबा' म्हणाले की सर्किट वाय-पीसशी उघडू नका. व्हेंटिलेटर थांबवा, एपीएल पूर्ण उघडा आणि हात स्विचवरच ठेवा. करवत बाजूला झाली की सर्जनच्या सांगण्याची वाट न पाहता श्वास सुरू करा. या वीस-तीस सेकंदांत औषध भरणं, फोन घेणं, लाइन धुणं यातलं काहीही करायचं नाही. हात स्विचवरून निघाला की विसरणं सुरू होतं. असा विराम शस्त्रक्रियेत पुन्हा पुन्हा येणार आहे आणि हा एक नियम त्या सगळ्यांना लागू आहे.

लिमा (ग्राफ्टसाठी वापरायची छातीच्या डाव्या भिंतीच्या आतली धमनी) काढताना रिट्रॅक्टर छातीची डावी भिंत उचलतो आणि सर्जनला फुगलेलं फुफ्फुस आड येतं. टायडल व्हॉल्यूम कमी करून श्वासाचा वेग वाढवा, पीप तात्पुरता उतरवा, मिनिट व्हॉल्यूम (मिनिटाला मिळणारी एकूण हवा) सांभाळा. लिमा काढून झाल्यावर हे परत पूर्वीवर आणायचं राहून जातं. मग बायपास सुरू होईपर्यंत फुफ्फुसाचा तळ मिटलेला राहतो. लिमा काढून झाल्याचं सर्जनने सांगितलं की आकडे लगेच बदला.

> सावध: आग. फुफ्फुसाला छिद्र पडलं असेल, जुना बुला (फुफ्फुसातला हवेचा फुगा) फुटला असेल किंवा कफ गळत असेल तर छातीत ऑक्सिजन साठतो. कोरडा स्वॅब आणि डायथर्मीची (विजेने ऊतक कापण्या-जाळण्याच्या उपकरणाची) ठिणगी यांच्यासोबत तो पेट घेऊ शकतो. छातीत हवा फुसफुसतेय असं कोणीही म्हटलं की डायथर्मी थांबवा, ऑक्सिजनचं प्रमाण सॅच्युरेशन टिकेल इतकं खाली आणा, स्वॅब ओले करा आणि मग गळती शोधा.

## टप्पा ४: बायपासवर जाताना व्हेंटिलेटर कधी आणि कसा बंद करायचा

पंप सुरू झाल्याचं ऐकताच व्हेंटिलेटर बंद करणं ही सर्वात सामान्य चूक. पहिल्या मिनिटांत पंपाचा प्रवाह अर्धवट असतो आणि हृदय अजून रक्त फेकत असतं. ते रक्त फुफ्फुसांतून येतं. श्वास बंद असेल तर ऑक्सिजन न मिळालेलं रक्त सर्वात आधी कोरोनरी धमन्यांत जातं.

१. पर्फ्युजनिस्टने पूर्ण प्रवाह मिळाल्याचं सांगितलं पाहिजे.

२. धमनीच्या ट्रेसमधली लाट गेली, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) उतरला आणि हृदय रिकामं दिसतंय, हे तिन्ही स्वतः पाहा.

३. मगच व्हेंटिलेटर बंद करा. स्विच 'बॅग'वर न्या आणि एपीएल पूर्ण उघडा. एपीएल अर्धवट बंद राहिला आणि प्रवाह चालू राहिला तर फुफ्फुसं हळूहळू फुगतात. सर्जनला दिसत नाही आणि दाबही चढत राहतो.

४. यंत्रावरचा व्हेपोरायझर बंद करा. फुफ्फुसातून रक्त जात नसताना त्याचा काहीही परिणाम होत नाही. भूल आता कुठून मिळतेय, हे मोठ्याने विचारा. पंपाच्या गॅस लाइनवरचा व्हेपोरायझर की प्रोपोफॉलचं इन्फ्युजन? पंपाचा व्हेपोरायझर रिकामा असेल आणि इन्फ्युजनही सुरू नसेल तर रुग्ण भुलीशिवाय पडून असतो आणि स्नायू शिथिल असल्यामुळे तो हलूही शकत नाही. पंपाचा व्हेपोरायझर भरताना द्रव सांडू देऊ नका. आयसोफ्लुरेनसारखा द्रव ऑक्सिजनेटरच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला तडे पाडतो.

५. ताज्या वायूचा प्रवाह कमीत कमी ठेवा किंवा विभागाच्या पद्धतीप्रमाणे ५ सें.मी.चा सीपॅप (सतत हलका दाब) ठेवा. तासन् तास मोठा कोरडा प्रवाह सोडला की सोडा लाइम वाळतो.

६. अलार्म गप्प करायचे तर यंत्राचा बायपास मोड वापरा. एकेक अलार्म हाताने बंद करू नका. मोड परत बदलला की सगळे अलार्म एकत्र जागे होतात. हाताने बंद केलेला एखादा तसाच राहतो.

७. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर 'व्हेंटिलेटर बंद' असा ठळक कागद चिकटवा. साधा उपाय आहे, पण मॉनिटरवरच्या कोणत्याही चिन्हापेक्षा तो जास्त दिसतो. काही ठिकाणी सर्किट ट्यूबपासून वेगळंच करतात. आम्हाला ही पद्धत पसंत नाही. करायचीच असेल तर सुटलेलं टोक डोक्याच्या वर, दिसेल असं टांगा. ड्रेपखाली सरकवलेलं टोक परत जोडायचं विसरतं.

> तपासा, बायपासवर दर अर्ध्या तासाला: भुलीचा स्रोत चालू आहे का · एपीएल उघडा आहे का · फुफ्फुसं फुगलेली तर दिसत नाहीत ना · कागद जागेवर आहे का.

## टप्पा ५: बायपासवरून उतरण्याआधी

या लेखातला सर्वात धोकादायक सांधा हाच. रुग्ण गरम झालेला असतो, महाधमनीवरचा क्लॅम्प निघालेला असतो, हृदयाचा ठोका, पेसिंग, इनोट्रोप, टीईई, रक्तवायू सगळं एकाच वेळी चालू असतं. व्हेंटिलेटर सुरू करायचं विसरणं ही गोष्ट अनुभवी माणसांच्या हातूनही होते, कारण त्या क्षणी यंत्र काहीही बोलत नाही. सपाट कॅप्नोग्राफची सवय झालेली असते आणि सॅच्युरेशन तर पंपच सांभाळत असतो.

त्यामुळे हा क्रम स्मरणावर सोडू नका. यादी वाचून करा.

१. ट्यूबमध्ये सक्शन, हलक्या हाताने. रुग्ण हिपॅरिनवर (रक्त गोठू न देणाऱ्या औषधावर) आहे. कॅथेटर जोरात घातला तर रक्त येतं आणि तेच रक्त पुढे फिल्टर बुजवतं. नवा फिल्टर लावा. दोन-तीन तास वापरलेल्या ओल्या फिल्टरवर उतरू नका.

२. कफ पुन्हा मोजा.

३. हाताने फुगवा. एपीएल हळूहळू बंद करत २०–३० सें.मी.पर्यंत, १०–१५ सेकंद धरा. डोळे बॅगवर नकोत, छातीत हवेत. ही सोय फक्त याच शस्त्रक्रियेत आहे: फुफ्फुसं उघडी दिसतात. दोन्ही बाजूंचे मिटलेले काळपट तुकडे गुलाबी होऊन वर आले पाहिजेत. लिमा ग्राफ्ट असेल तर सर्जनला आधी सांगा. डावं फुफ्फुस जोरात फुगलं की ग्राफ्ट ताणला जातो, क्वचित टाक्यापाशी फाटतो.

४. एक बाजू फुगत नसेल तर ट्यूब आत सरकली आहे किंवा त्या बाजूला स्राव अडकला आहे. ट्यूबची खोली वाचा, एक-दोन सें.मी. मागे घ्या आणि पुन्हा फुगवा. तरीही नाही तर ब्रॉन्कोस्कोप. आत्ता वेळ आहे, कारण पंप ऑक्सिजन देतोय. उतरल्यावर हाच वेळ मिळणार नाही.

५. व्हेंटिलेटर सुरू करा: टायडल व्हॉल्यूम आदर्श वजनाच्या किलोमागे ६–८ मि.ली., वेग १२–१५, पीप ५, सुरुवातीला ऑक्सिजन १०० टक्के आणि रक्तवायू पाहून कमी.

६. स्विच 'व्हेंटिलेटर'वर आहे का ते बोट ठेवून पाहा. हाताने फुगवल्यानंतर स्विच 'बॅग'वर राहणं ही सर्वात जास्त होणारी चूक. सर्जन हवा काढण्यासाठी पुन्हा पुन्हा फुगवायला सांगतात, तेव्हा प्रत्येक वेळी हीच तपासणी.

७. बायपास मोड बंद. अलार्म जागे. कागद काढा.

८. तीन पुरावे पाहा: फुफ्फुसं डोळ्यांनी हलताना दिसतात, दाबाची लाट उठते आणि बाहेर आलेला टायडल व्हॉल्यूम मोजला जातो. ईटीसीओटू यात घेतलेला नाही. हृदय अजून रिकामं असेल तर श्वास चालू असूनही तो शून्याजवळ असतो.

९. मोठ्याने सांगा: 'व्हेंटिलेटर चालू, दोन्ही फुफ्फुसं हलताहेत.' पर्फ्युजनिस्टने हेच वाक्य परत म्हटल्याशिवाय व्हीनस लाइन (रुग्णाचं रक्त पंपाकडे नेणारी नळी) आवळायची नाही.

हृदयात रक्त भरू लागताच, म्हणजे पूर्ण उतरण्याच्या आधीच, श्वास चालू असला पाहिजे. कारण टप्पा ४ मध्ये सांगितलेलंच आहे: पहिलं रक्त कोरोनरीत जातं. वीनिंग (पंपावरून उतरणं) 'जमत नाही', हृदय आळसावलंय असं वाटलं की इनोट्रोप दुप्पट करण्याआधी वरचे तीन पुरावे पुन्हा पाहा.

हृदय जसजसं रक्त फेकू लागतं तसा ईटीसीओटू वर येतो. फुफ्फुसं हलत आहेत, टायडल व्हॉल्यूम पुरेसा आहे आणि तरीही ईटीसीओटू खालीच असेल, तर बिघड यंत्रात नाही. फुफ्फुसाकडे रक्त कमी जातंय.

## टप्पा ६: दाब चढला तर

कुठल्याही क्षणी, पण विशेषतः बायपासनंतर, प्रोटामिन (हिपॅरिनचा परिणाम उलटवणारं औषध) देताना आणि छाती बंद करताना.

आधी कृती. ऑक्सिजन १०० टक्के. सर्जनला सांगा. स्विच 'बॅग'वर घ्या आणि हाताने श्वास द्या. हाताला काय लागतंय ते महत्त्वाचं.

मग शोधायची जागा अर्धी करा. सर्किट थेट ट्यूबच्या कनेक्टरपासून सोडा, फिल्टर आणि कॅथेटर माउंटसकट, आणि तिथे अँबू जोडा. इथेच लोक चुकतात: अँबू फिल्टरच्या पुढे जोडतात. फिल्टरच बुजलेला असेल तर अँबूनेही श्वास जात नाही, 'म्हणजे रुग्णातच दोष' असा निष्कर्ष निघतो आणि सगळी टीम ब्रॉन्कोस्पाझमवर (श्वासमार्ग आवळले जाण्यावर) उपचार करत बसते. पल्मनरी एडिमाचं पाणी किंवा ट्यूबमधलं रक्त फिल्टर काही मिनिटांत बुजवतं.

अँबूने श्वास सहज गेला तर दोष यंत्रात. अँबूवरच राहा, भूल शिरेतून द्या आणि दुसरा माणूस यंत्र पाहील: फिल्टर, मुडपलेली नळी, अडकलेला एक्स्पायरेटरी व्हॉल्व्ह, बंद राहिलेला एपीएल, स्कॅव्हेंजिंगची (वापरलेला वायू बाहेर नेणारी) दाबली गेलेली नळी. स्वतःच दोन्ही करू नका.

अँबूनेही जड गेलं तर दोष ट्यूबमध्ये किंवा रुग्णात, या क्रमाने:

- सक्शन कॅथेटर घाला. जात नसेल तर ट्यूब मुडपली, बुजली किंवा रुग्णाने दातांनी दाबली आहे. कफ सोडून पाहा. फुगलेला कफ कधी ट्यूबच्या तोंडावर येतो.
- ट्यूबची खोली वाचा. टीईई प्रोब मागे घ्या.
- दोन्ही बाजू पाहा आणि ऐका. छाती उघडी असेल तर सर्जनला हाताने फुफ्फुस चाचपायला सांगा. न उघडलेल्या प्लुराच्या (फुफ्फुसावरच्या आवरणाच्या) बाजूला टेन्शन न्यूमोथोरॅक्स (अडकलेल्या हवेने फुफ्फुस दाबलं जाणं) असू शकतो आणि सर्जन तो एका क्षणात उघडू शकतात.
- रिट्रॅक्टर, स्वॅब किंवा हात फुफ्फुसावर दाबतोय का?
- सक्शन कॅथेटरमधून ताजं लाल रक्त आलं, विशेषतः पल्मनरी आर्टरी कॅथेटर असताना, तर ते फुफ्फुसातून आहे असं समजा. निरोगी बाजू वेगळी करण्याची तयारी करा.

पीक आणि प्लॅटू वेगळे वाचा. पीक चढला पण प्लॅटू पूर्वीइतकाच, तर अडथळा वाटेत आहे: ट्यूब, फिल्टर, ब्रॉन्कोस्पाझम. दोन्ही चढले, तर फुफ्फुस किंवा छाती ताठर झाली आहे: एका बाजूला गेलेली ट्यूब, न्यूमोथोरॅक्स, एडिमा, नुकतीच बंद झालेली छाती. टप्पा २ मध्ये लिहून ठेवलेले आकडे इथे कामाला येतात.

प्रोटामिन चालू असताना दाब चढला, पल्मनरी दाब वाढला आणि रक्तदाब कोसळला, तर प्रोटामिन ताबडतोब थांबवा. प्रतिक्रियेचा उपचार सुरू करतानाच अँबूची चाचणीही करा. दोन्हींना मिळून अर्धं मिनिटही लागत नाही.

> सावध: श्वास देताच येत नसेल तर हृदयशस्त्रक्रियेत एक वाट उरलेली असते: परत पंपावर. पण ती कॅन्युला (रुग्णाला पंपाशी जोडणाऱ्या नळ्या) जागेवर असेपर्यंतच. प्रोटामिन दिलेलं असेल तर आधी हिपॅरिनचा पूर्ण डोस लागतो, किलोमागे ३००–४०० युनिट, आणि एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) पुन्हा पाहावा लागतो. म्हणून सर्जनला शेवटी सांगू नका. अँबूने जड गेल्याचं कळताच 'कॅन्युला काढू नका' एवढं बोला.

## टप्पा ७: दाब उतरला, व्हॉल्यूम मिळत नाही

इथे शोधायची दिशा ठरलेली ठेवा: रुग्णाकडून यंत्राकडे. ट्यूबचा जोड, फिल्टर, सॅम्पलिंग लाइन, वाय-पीस, दोन्ही नळ्या, सोडा लाइमचा डबा, बेलोज (व्हेंटिलेटरचा घड्यांचा भाता), स्विच, व्हेपोरायझर. सोडा लाइम मध्येच बदलला असेल तर तिथूनच सुरुवात करा. डबा तिरका बसलेला असतो किंवा सीलमध्ये खडा अडकलेला असतो.

वर जाणारे बेलोज गळती असली की खाली बसतात, त्यामुळे दिसतं. खाली लोंबणारे बेलोज किंवा पिस्टन मात्र सर्किट पूर्ण सुटलेलं असतानाही हलत राहतात. हलणारं यंत्र पाहून समाधान मानू नका. बाहेर आलेला टायडल व्हॉल्यूम वाचा.

सगळे जोड घट्ट असूनही व्हॉल्यूमचा आकडा विचित्र दिसतो, छाती मात्र नीट हलते, तर फ्लो सेन्सर ओला झालेला असतो. सेन्सर बदला. सेन्सर चुकतोय असं ठरवून अलार्म मात्र बंद करू नका.

ट्यूबच निघाली आणि रुग्ण पूर्ण बायपासवर आहे, तर घाई नको: ड्रेप नीट उचला, प्रोब काढा, लॅरिंगोस्कोपी चांगली करा. बायपासवर नसेल तर आधी मास्क किंवा लॅरिंजियल मास्कने श्वास, ट्यूब नंतर.

कॅप्नोग्राफचा पाया शून्यावर येत नसेल तर रुग्ण स्वतःचाच श्वास परत घेतोय: संपलेला सोडा लाइम किंवा उघडा राहिलेला व्हॉल्व्ह. प्रवाह वाढवल्यावर पाया उतरला तर सोडा लाइम बदलेपर्यंत काम चालतं. न उतरला तर व्हॉल्व्ह.

## टप्पा ८: ऑक्सिजनचा पुरवठा गेला

१. यंत्राचा सिलिंडर पूर्ण उघडा.

२. पाइपलाइनची नळी भिंतीतून काढा. पाइपलाइनमध्ये चुकीचा वायू येत असेल तर तिचा दाब सिलिंडरच्या रेग्युलेटरपेक्षा जास्त असल्याने यंत्र पाइपलाइनमधूनच घेत राहतं. सिलिंडर उघडा असूनही काही उपयोग होत नाही.

३. पर्फ्युजनिस्टला लगेच सांगा. पंपाचा ऑक्सिजनेटरही बहुधा त्याच पाइपलाइनवर असतो. त्यांच्याकडे स्वतंत्र सिलिंडर जोडायला तयार हवा. बायपासवर असताना पाइपलाइन गेली तर भूलयंत्राआधी पंपाकडे लक्ष द्यायचं.

४. ऑक्सिजन सेन्सरचा आकडा वर जातोय का पाहा. नाही तर यंत्र सोडा, स्वतंत्र सिलिंडरसह अँबू.

५. प्रवाह कमी करा. बेलोज ऑक्सिजनने चालत असतील तर हाताने श्वास द्या, नाहीतर बेलोज चालवण्यातच सिलिंडर संपतो.

वीज गेली तर यंत्राच्या बॅटरीवर थोडा वेळ मिळतो. मॉनिटर आणि सिरिंज पंप वेगळ्या बॅटरीवर आहेत का ते तुम्हाला आधीच माहीत असलं पाहिजे.

## टप्पा ९: छाती बंद करणं आणि आयसीयूत नेणं

छातीचं हाड बांधणाऱ्या तारा ओढताना फुफ्फुसांना जागा कमी पडते. दाब वाढतो आणि रक्तदाब उतरतो. एका मर्यादेपर्यंत हे अपेक्षित आहे. ड्रेन क्लॅम्प केलेले नाहीत, सक्शन जोडलेलं आहे, डावं फुफ्फुस लिमावर चढत नाही, हे पाहा. छाती पुन्हा उघडल्यावर दाब आणि रक्तदाब दोन्ही सुधारले तर ट्यूबमध्ये दोष शोधत बसू नका.

हलवण्याआधी सिलिंडरचा हिशेब करा: सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये × दाब बारमध्ये = उपलब्ध ऑक्सिजन लिटरमध्ये. १० लिटरचा सिलिंडर १०० बारवर म्हणजे १००० लिटर. मिनिटाला १० लिटर वापरले तर १०० मिनिटं. त्यातली निम्मीच मोजा, म्हणजे ५०. लिफ्ट अडकू शकते, आयसीयूत व्हेंटिलेटर तयार नसू शकतो.

- अँबूवर पीप व्हॉल्व्ह. फुफ्फुसं नुकतीच उघडली आहेत. पीपशिवाय पाच मिनिटं पुरतात पुन्हा मिटायला.
- वाहतुकीतही कॅप्नोग्राफ. ट्रॉली वळताना ट्यूब निघाली तर सॅच्युरेशन उशिरा सांगतं.
- इनहेल्ड नायट्रिक ऑक्साइड चालू असेल तर अँबूवरही त्याची सोय आधी करा. अचानक थांबलं तर पल्मनरी दाब उसळतो.
- आयसीयूचा व्हेंटिलेटर रुग्ण येण्याआधी टेस्ट लंगवर चालू असला पाहिजे.

पलंगावर हलवताना डोकं आणि ट्यूब एकाच माणसाच्या हातात द्या आणि 'उचला' तोच म्हणेल. पलंगावर आल्यावर आधी व्हेंटिलेटर जोडा, ईटीसीओटूची लाट पाहा, ट्यूबची खोली वाचा. त्यानंतरच लाइन्स, ड्रेन आणि पेसिंगच्या तारा. आयसीयूच्या डॉक्टरांना ट्यूबची खोली, कफचा दाब आणि शेवटचा पीक-प्लॅटू आकड्यांत सांगा आणि त्यांच्या चार्टवर लिहून घ्या.